हिंमत आणि रॅम्प

दुबईत मॉलच्या पार्किंगमध्ये, सरकारी कार्यालयाच्या वेगळ्या खिडकीपाशी, मेट्रोच्या डब्यात व्हीलचेअरसाठी सोडलेल्या जागेजवळ एक अरबी शब्दजोडी वाचायला मिळते: अस्हाब अल-हिमम. खाली इंग्रजीत 'पीपल ऑफ डिटर्मिनेशन' लिहिलेलं असतं. मराठी माणसाला खरं तर त्यातलं अरबीच जास्त जवळचं वाटायला हवं. 'हिमम' हे 'हिम्मा'चं अनेकवचन. तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि हिंमत झाला. 'अस्हाब' हे 'साहिब'चं अनेकवचन, म्हणजे आपला साहेब. दोन्ही जोडले की होतात हिंमतीचे साहेब, हिंमतवाले.

अमिरातीचे पंतप्रधान आणि दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद अल मक्तूम यांनी एप्रिल 2017 मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केलं, तेव्हा हा शब्द सरकारी वापरात आला. त्याआधी 2006 च्या संघीय कायद्यात, म्हणजे कायदा क्रमांक 29 मध्ये, 'विशेष गरजा असलेल्या व्यक्ती' असा शब्द होता. 2009 च्या दुरुस्तीनं तो बदलून 'अपंग' केला. मग हिंमत आली. योगायोग असा, की भारताचा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लागू झाला तोही एप्रिल 2017 मध्येच. आपल्याकडे 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' येण्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

शब्द बदलल्यानं काहीच होत नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्या मुलाला आयुष्यभर 'बिचारा' ऐकावं लागलं, त्याच्या ओळखपत्रावर आदराचा शब्द आला तर त्याला बरं वाटतं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हिंमतीचं एक जड ओझंही असतं. वर्गात जायला पाच पायऱ्या असतील आणि पायऱ्या चढू न शकणाऱ्याला आपण हिंमतवाला म्हटलं, तर तो वर पोचला नाही याचा दोष नकळत त्याच्या हिंमतीवर जातो. कमी पडलेला असतो रॅम्प. विद्यापीठात माझ्यासारख्या समावेशन सल्लागाराचं काम या दोहोंमधलं असतं. हिंमत विद्यार्थी घेऊन येतो. रॅम्पचं आपण बघायचं.

हे पद जन्माला कसं आलं, ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिक शिक्षणासाठी परतले. 1948 मध्ये इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्युजंट यांनी व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला मोठा कार्यक्रम सुरू केला. पण खरी कलाटणी मिळाली ती कॅलिफोर्नियात. पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ हालचाल नसलेला एड रॉबर्ट्स 1962 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. रात्री श्वासासाठी त्याला लोखंडी फुप्फुसात झोपावं लागे. ते यंत्र वसतिगृहाच्या खोलीत मावेना, म्हणून त्याची राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात झाली. त्याच्यामागून आणखी विद्यार्थी आले आणि रुग्णालयाचा तो मजला त्यांचं वसतिगृह झाला. 1970 मध्ये या मुलांनी विद्यापीठात स्वतःचं सहाय्य केंद्र उभं केलं. मदतनीस मिळवून देणं, राहायला जागा शोधणं आणि मोडलेली व्हीलचेअर दुरुस्त करून देणं ही तिथली कामं. मला या इतिहासातलं ते दुरुस्तीचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चाक मोडलं तर मंगळवारचं लेक्चर बुडतं, हे ज्याला स्वतः भोगून कळलंय, त्यानं ते केंद्र आखलं होतं.

अमिरातीत हा प्रवास उलट्या टोकानं झाला. आधी केंद्रं आली, विद्यापीठांचा विचार मागून झाला. देश 1971 चा. शारजात 1979 मध्ये सुरू झालेली मानवसेवा नगरी, दुबईतलं 1981 चं अल नूर केंद्र आणि 1994 चं रशीद केंद्र या संस्थांनी मुलांना शिकवलं, पण वेगळ्या इमारतीत. 2006 च्या कायद्यानं सांगितलं, की अपंगत्व हे कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, मग संस्था सरकारी असो की खासगी. 2010 मध्ये देशानं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर मोहोर उठवली. आता अल ऐनचं 1976 चं सरकारी विद्यापीठ असो, 1998 चं झायेद विद्यापीठ असो की परदेशी विद्यापीठांच्या शाखा, अशा विद्यार्थ्याचा अर्ज येतो तेव्हा त्याला वेगळी इमारत दाखवून मोकळं होता येत नाही.

आणि या शाखांमध्ये आपली मुलं भरपूर आहेत. बिट्स पिलानी आणि मणिपाल सन 2000 पासून दुबईत आहेत. पुण्याची सिंबायोसिसही अलीकडे इथे पोचली. शारजा, करामा, अल नाहदा इथल्या मराठी घरांतली मुलं बारावीनंतर भारतात परतायची, ती आता इथेच राहतात. त्यात काहीजण कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, अक्षरं उलटीपालटी दिसणारी असतात. त्यांच्या घरच्यांशी पहिलं बोलणं होतं, तेव्हाच एक गाठ सोडवावी लागते. ती गाठ एका शब्दाची आहे: सवलत.

महाराष्ट्रात हा शब्द घरोघरी माहीत आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या शाळकरी मुलांना परीक्षेत सोयी देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानं 1996 मध्येच घेतला. देशातल्या अनेक राज्यांच्या कितीतरी आधी. मुंबईत त्यासाठी सायन, नायरसारख्या महापालिका रुग्णालयांचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुका माफ होतात, बीजगणित-भूमितीऐवजी सोपं अंकगणित घेता येतं. वरून सवलतीचे गुणही असतात. हजारो मुलं या दाखल्यामुळे दहावी पार झाली. त्या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

पण त्या यादीत दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत आहेत. जास्तीचा वेळ ही सोय आहे आणि सोपा पेपर ही सूट. विद्यापीठात सोय मिळते, सूट मिळत नाही. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला गणित सोडता येत नाही, नर्सिंगच्या विद्यार्थिनीला औषधाची मात्रा चुकवता येत नाही. पालक जुनी फाइल उघडून विचारतात, "इथं काय काय सवलती आहेत?" मी यादी सांगत नाही. मी उलट विचारते, "तिला नेमकं कुठं अडतं?"

त्यातून एक गमतीचा घोटाळा नेहमी होतो. विद्यार्थ्यासाठी मंजूर झालेल्या सोयी शिक्षकांना कळवणाऱ्या पत्राला इथे 'अकोमोडेशन लेटर' म्हणतात. आखातात अकोमोडेशन म्हणजे कंपनीनं दिलेली राहायची खोली. त्यामुळे पत्र हातात पडलं की बाबा विचारतात, "म्हणजे हॉस्टेल फुकट का?" मी मराठी पालकांशी बोलताना त्याला सरळ सोयीचं पत्र म्हणते. त्या पत्रात आजाराचं नाव नसतं. विद्यार्थ्याला वेळ किती जास्त द्यायचा, नोट्स कोणत्या रूपात द्यायच्या, बसण्याची जागा कुठे असावी, इतकंच असतं. काही शिक्षक हळूच विचारतात, "पण तिला झालंय काय?" ते सांगण्याचा हक्क तिचा आहे, माझा नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एका मुलीबद्दल सांगते. तिची नजर हळूहळू अरुंद होत चाललेली. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, तेही संध्याकाळनंतर नाही. शारजातल्या भारतीय शाळेतून बारावी झालेली, गुण उत्तम. आई सोबत होती. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "ताई, मग तुमच्याशी स्पष्टच बोलते. बारावीपर्यंत मीच हिचे डोळे. रोज रात्री पुस्तकं वाचून दाखवली. आता हे चारशे-चारशे पानांचं इंग्रजी मला कसं झेपणार?"

मी मुलीला प्रश्न विचारत होते आणि उत्तरं आई देत होत्या. फळ्यावरचं दिसतं का? नाही हो, पहिल्या बाकावरूनसुद्धा नाही. कॉम्प्युटर वापरतेस का? मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचते ती. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, मॅम मला विचारतायत." खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही.

त्या माउलीनं बारा वर्षं केलं ते कुठल्याही संस्थेला जमलं नसतं. पण घरातल्या घरात ते झाल्यामुळे मुलीनं पडदावाचक कधी हाताळलाच नव्हता. पडदावाचक म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. 'जॉज' नावाचं प्रसिद्ध आहे पण महाग. 2006 मध्ये मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं 'एनव्हीडीए' लिहायला घेतलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. आम्ही त्याच दुपारी ते चालू केलं आणि एका विषयाच्या नोट्सची पीडीएफ उघडली. कानात आवाज आला: "ग्राफिक." पुढचं पान. "ग्राफिक." बेचाळीस पानं होती आणि बेचाळीसही पानांवर एकच शब्द. कारण कुणीतरी पुस्तकाचे फोटो काढून त्यांची फाइल केली होती. डोळसाला ते पान अक्षरांनी भरलेलं दिसतं. यंत्राच्या लेखी ते चित्र असतं, त्यात एकही अक्षर नसतं. अशी पानं अक्षर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावी लागतात, मग चुका हातानं दुरुस्त कराव्या लागतात, मथळ्यांना मथळा म्हणून खूण करावी लागते. नाहीतर ऐकणाऱ्याला शंभर पानांत तिसरा धडा सापडत नाही. माझ्या कामाचे कितीतरी तास या एका गोष्टीत जातात. शिक्षकानं मूळ टाइप केलेली फाइल दिली असती तर ते काम पाच मिनिटांचं होतं.

गणिताची गोष्ट त्याहून बिकट. "एक्स अधिक एक भागिले दोन" असं कानावर पडलं, तर त्याचा अर्थ काय? एक्सची किंमत 3 धरा. फक्त एकाला दोननं भागायचं असेल तर उत्तर साडेतीन. सगळ्या बेरजेला भागायचं असेल तर दोन. डोळ्याला अपूर्णांकाची आडवी रेघ कुठवर आहे ते एका नजरेत दिसतं, कानाला रेघ ऐकू येत नाही. म्हणून समीकरण अशा पद्धतीनं लिहून घ्यावं लागतं, की यंत्र "अपूर्णांक सुरू, अपूर्णांक संपला" असंही सांगेल. ते ऐकायला आणि मनात धरून ठेवायला वेळ लागतो. जास्तीचा वेळ कशासाठी, या प्रश्नाचं माझ्याकडचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच आहे. तीन तासांच्या पेपरला पाव वेळ जास्त दिला तर 45 मिनिटं होतात. भारतात तासाला 20 मिनिटांचा हिशेब आहे, म्हणजे पूर्ण एक तास. तो तास डोक्यातल्या ज्ञानात भर घालत नाही. डोळसांना रेघ फुकट मिळाली होती, तेवढीच ती भरपाई.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं हा विचार फार स्वच्छ मांडलाय. हात आखडल्यामुळे लिहू न शकणाऱ्या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. कारण त्याचं अपंगत्व कायद्यानं ठरवलेल्या 40 टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हतं. 11 फेब्रुवारी 2021 च्या विकासकुमार निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रानं ती चौकट सोय नाकारण्यासाठी वापरता येणार नाही असं ठरवलं. आरक्षणाला टक्के लागतात; लिहिता येत नसेल त्याला लेखनिक द्यायला टक्के लागत नाहीत. दुबईत हा निकाल लागू नाही हे उघड आहे. तरी टक्केवारी मागणाऱ्या सहकाऱ्याला समजावताना मी त्यातलाच युक्तिवाद वापरते.

कागदपत्रांचं मात्र खरं सांगायला हवं. भारतातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र एवढंच घेऊन येऊ नये. 'चाळीस टक्के' हा आकडा वाचून मला मुलीला काय द्यायचं ते कळत नाही. डॉक्टरांचा किंवा मानसशास्त्रज्ञांचा सविस्तर अहवाल हवा. वाचनाचा वेग किती, दूरचं किती दिसतं, काय केल्यानं फरक पडतो, हे सगळं त्यात हवं. अध्ययन अक्षमतेचा अहवाल बहुतेक ठिकाणी तीन ते पाच वर्षांच्या आतला मागतात. पाचवीतला सायनचा दाखला बी.टेक.ला चालत नाही. दुबईत राहणाऱ्यांना तिथलं 'सनद' कार्डही काढता येतं.

आणि तरीही सगळ्यात मोठा अडथळा कागदाचा नसतो. तो घरातल्या बैठकीत ठरलेला असतो: सांगायचं नाही. मंडळाच्या गणपतीत सगळे भेटतात, उद्या मुलीचं लग्न करायचंय, पुण्याच्या नातेवाइकांना कळलं तर काय. शिवाय आखाती घरांची एक खास भीती असते, व्हिसाची. ती मी इथेच दूर करते. निवासाच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी होते ती क्षयरोग, एचआयव्ही अशा संसर्गजन्य रोगांची. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, डिस्लेक्सिया यांच्याशी तिचा संबंध नाही. उलट ऑक्टोबर 2022 पासूनच्या नियमांत अशा मुलांना कोणत्याही वयापर्यंत आईवडिलांच्या व्हिसावर राहता येतं. इतर मुलग्यांना पंचविशीची मर्यादा आहे. हे वाक्य ऐकून माझ्यासमोर एक वडील अक्षरशः रडले. पाच वर्षं ते घाबरून जगत होते.

ऐकू न येणाऱ्या मुलांची अडचण वेगळीच, आणि तिच्याबाबत आम्ही कमी पडतो हे मान्य करते. खुणांची भाषा सगळीकडे एकच असते असा समज आहे. तो चूक आहे. भारतीय खुणांच्या भाषेत मुळाक्षरं दोन हातांनी करतात, अरबी बोटलिपी एका हाताची. पुण्यात कर्णबधिर शाळेत शिकलेला मुलगा इथल्या दुभाषाकडे बघतो तेव्हा तो परक्या भाषेकडेच बघत असतो. मग व्याख्यानाखाली उमटणारी अक्षरं हाच आधार राहतो, आणि आमच्या केरळी, लेबनीज, पाकिस्तानी, ब्रिटिश प्राध्यापकांचे उच्चार यंत्राला जसे समजतील तशी ती अक्षरं उमटतात.

ब्रेलच्या बाबतीत मात्र उलटं घडलंय आणि ते मला फार सुंदर वाटतं. क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे सैनिक, 1915 मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्या महायुद्धात ते देहरादूनला अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी काम करत होते. पुढे 1950 च्या सुमारास युनेस्कोनं जगभरच्या ब्रेल लिप्यांची सांगड घालण्याचं काम त्यांच्यावर सोपवलं. त्यातून भारती ब्रेल ठरली, अरबी ब्रेलही ठरली, आणि शक्य तिथे सारख्या आवाजाला सारखे ठिपके दिले गेले. कागदावर अरबी उजवीकडून डावीकडे धावते, पण बोटाखालची अरबी मराठीसारखीच डावीकडून उजवीकडे जाते. मराठी 'म' आणि अरबी 'मीम' यांचे ठिपके एकच आहेत. 'ल' आणि 'लाम' यांचेही. इथल्या लिफ्टमधल्या बटणांवरून बोट फिरवताना मला ते दरवेळी आठवतं.

उन्हाबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. सप्टेंबरमध्ये सत्र सुरू होतं तेव्हा दुपारी पारा चाळिशीच्या वर असणं नेहमीचंच. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सुट्टी देण्याचा नियम आहे. त्याच वेळेत हातानं व्हीलचेअर ढकलणारा विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीत जात असतो. चाकाच्या धातूच्या कडीला हात लावा, चटका बसतो. नकाशावर रॅम्प होता, उतारही नियमाप्रमाणे होता. पण सावली नव्हती. त्या मुलाचे लागोपाठचे दोन तास एकाच इमारतीत आणले, एवढं एक वेळापत्रक बदललं, आणि तो प्रश्न एका पैशाच्या खर्चाशिवाय सुटला. मी मोजून सांगत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या अडचणींपैकी पुष्कळ अशा सुटतात. पैसा लागतो तिथे लागतोच. आग लागल्यावर लिफ्ट बंद होतात, तेव्हा चौथ्या मजल्यावरून या मुलाला खाली कोण आणणार? जिना उतरवणारी खास खुर्ची विकत घ्यावी लागते, ती चालवायला माणसं तयार करावी लागतात आणि वर्षातून काही वेळा तालीम करावी लागते. ती खुर्ची भिंतीवर प्लास्टिकच्या वेष्टनात तशीच टांगलेली मी एके ठिकाणी पाहिली. वेष्टन त्या दिवशी मीच फाडलं.

ती नजर अरुंद झालेली मुलगी. पहिल्या सत्रात सगळे ईमेल आईकडून आले. "मॅडम, हिच्या क्विझचं काय झालं." "मॅडम, सरांनी स्लाइड पाठवल्या नाहीत." मी उत्तर मुलीलाच द्यायचे आणि आईंना प्रत ठेवायचे. कधी कधी त्या दुखावल्याही. परीक्षेला तिला वेगळी खोली दिली होती. मी दारात उभी राहून ऐकत होते. कानातले हेडफोन, तिप्पट वेगानं बोलणारा आवाज जो मला नुसती किरकिर वाटतो, आणि मधूनच थांबून पुन्हा तीच ओळ ऐकण्याची एक टिकटिक. जास्तीच्या 45 मिनिटांपैकी तिनं चाळीस वापरली.

सोयीचं पत्र दर सत्राला नव्यानं मागावं लागतं, ते आपोआप येत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ईमेल आला. चारच ओळी. या सत्रात पाच विषय आहेत, त्यातल्या सांख्यिकीच्या सरांना मी आधीच भेटले, ते टाइप केलेली फाइल देणार आहेत. बाकी चौघांना पत्र पाठवाल का. आणि लॅबमध्ये संध्याकाळची बॅच मला दिसत नाही म्हणून सकाळची मिळावी. खाली तिचं नाव. प्रत कुणालाच नव्हती.